कीटकभक्षी झाडांचं पहिलं टेरॅरियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचेच्या टाकीत कीटकभक्षी झाडं लावायचीत, सुरुवात कुठून करू, असं कोणी ना कोणी विचारतंच आणि दरवेळी सांगताना माझं काहीतरी महत्त्वाचं राहून जातं, म्हणून आता सगळं एका जागी लिहून ठेवते. त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ही झाडं किड्यांवर जगत नाहीत, उजेडावर जगतात. बाकीच्या झाडांसारखंच यांचं अन्न पानात तयार होतं, किडा म्हणजे फक्त खत. ज्या दलदलीत ही वाढतात तिथल्या मातीत नायट्रोजन, फॉस्फरस जवळपास नसतोच, म्हणून मुळांनी जे मिळत नाही ते पानांनी पकडायची सोय त्यांनी केली. म्हणजे मुळांना कसदार माती आणि क्षाराचं पाणी सोसत नाही, आणि पानांना भरपूर उजेड हवा. मी बघितलेली बहुतेक मेलेली झाडं या दोन गोष्टींनीच मेलीत, उपाशी राहून मेलेलं अजून एकही बघितलं नाही.

टेरॅरियममध्ये सगळीच कीटकभक्षी झाडं जगतात का?

नाही. काही मजेत जगतात, काही थोडे महिने तग धरतात आणि मग हळूहळू जातात. वर्षभर साधारण एकच तापमान, दमट हवा आणि डोक्यावर दिवा, हे ज्यांना आवडतं तीच टाकीत घालायची. ज्यांना थंडीत झोप लागते किंवा दिवसभर कडक ऊन लागतं त्यांना टाकी म्हणजे शिक्षा आहे. आधी सुंदर बरणी विकत घ्यायची आणि मग तिच्यात मावेल ते झाड शोधायचं, हा क्रम चुकीचा. आधी झाड ठरवा, मग त्याला साजेसं भांडं.

व्हीनस फ्लायट्रॅप लावू का? मला तेच हवंय!

सगळ्यांना तेच हवं असतं, मलाही तेच हवं होतं. माझं पहिलं फ्लायट्रॅप झाकणाच्या छोट्या बरणीतच आलं होतं, त्यामुळे ते असंच ठेवायचं असतं असं वाटलं, आणि दोन-तीन महिन्यांत एकेक ट्रॅप काळा पडत ते गेलं. खूप वाईट वाटलं होतं. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की चूक कुठे झाली.

हे झाड मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या किनारपट्टीच्या भागातलं, जगात दुसरीकडे कुठेही ते आपणहून उगवत नाही. तिथे ते उघड्यावर, भर उन्हात वाढतं आणि हिवाळ्यात कडक थंडी पडते तेव्हा तीन-चार महिने झोपतं. जुनी पानं काळी पडतात, नवी अगदी बारकी येतात आणि जमिनीखालचा कंद विश्रांती घेतो. ही झोप त्याला हवीच, तापमान साधारण १० अंशांच्या खाली आणि दिवस लहान. टाकीत वर्षभर उबदार आणि वर्षभर लांब दिवस, म्हणजे झोप मिळतच नाही, मग एक-दोन वर्षांत ते थकून जातं. त्यातून बरणी बंद असेल तर हवा खेळत नाही आणि बुरशी धरते.

म्हणून माझं स्पष्ट मत, पहिल्या टेरॅरियममध्ये फ्लायट्रॅप नको. हवंच असेल तर वेगळ्या कुंडीत, खाली पाण्याचा ट्रे ठेवून उन्हाच्या जागी ठेवा. आणि बोटाने ट्रॅप मिटवत बसू नका, प्लीज. आत बारीक केस असतात, साधारण २० सेकंदांच्या आत त्यांना दोनदा धक्का लागला की ट्रॅप मिटतो, आणि त्याला लागणारी ताकद परत येत नाही, कारण हातात काही आलेलं नसतं. एक ट्रॅप आयुष्यात मोजक्याच वेळा मिटतो, मग नुसतं पान म्हणून उरतो.

मग नवीन माणसाने कुठलं झाड घ्यावं?

ड्रॉसेरा. आपल्याकडे ज्याला दवबिंदू म्हणतात तो, पानांवर चिकट थेंब असतात ना तो. त्यातला ड्रॉसेरा स्पॅट्युलाटा माझा सगळ्यात आवडता, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा होणारा गोल गुच्छ, उजेड चांगला असेल तर लालबुंद होतो, म्हणजे उजेड पुरतोय की नाही हे वेगळं मोजायला नको, झाडच सांगतं. ड्रॉसेरा केपेन्सिस दक्षिण आफ्रिकेतला, लांब पट्ट्यासारखी पानं, किडा चिकटला की पान काही तासांत त्याच्याभोवती गुंडाळतं आणि हे बघायला जी मजा येते ती फ्लायट्रॅपपेक्षा कमी नाही. तो चुका सोसतो, वरून पूर्ण वाळला तरी बऱ्याचदा मुळांतून परत फुटतो. ड्रॉसेरा अडेली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पावसाळी जंगलातला, त्याला उजेड जरा कमी चालतो आणि दमटपणा जास्त लागतो, म्हणजे टाकीसाठीच जन्मलेला म्हणा ना.

दुसरं, मेक्सिकोकडचं पिंग्विक्युला, थोडक्यात पिंग. चपटी मांसल पानं, तुपाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत, बारीक माश्या त्यांच्यावर चिकटतात. फुलं फार गोड येतात, जांभळी-गुलाबी. याला पाणी मात्र ड्रॉसेरापेक्षा कमी लागतं, आणि वर्षातून एकदा ते मोठी चिकट पानं सोडून छोट्या घट्ट पानांचा गुच्छ करतं, तेव्हा पाणी अजून कमी करायचं. झाड आजारी पडलं असं समजून पाणी वाढवू नका, तिथेच लोक चुकतात.

तिसरं युट्रिक्युलारिया. वरून बघितलं तर साधं गवत वाटेल, खरा खेळ मातीखाली आहे. डोळ्याला जेमतेम दिसतील एवढ्या पिशव्या असतात, एखाद्या सूक्ष्म जिवाने दाराच्या केसाला धक्का दिला की पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढते, आणि हे सगळं एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात. झाडांच्या दुनियेतल्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी ही एक. युट्रिक्युलारिया सँडरसनी घ्या, फुलं अगदी कान ताठ केलेल्या सशासारखी दिसतात. त्याला वेगळं खायला घालावं लागत नाही. फक्त शेजारच्या कुंडीत शिरतं, तेवढं लक्ष ठेवा.

या तिघांची एकेक कुंडी, एवढं पहिल्या वर्षाला भरपूर आहे.

घटपर्णी चालेल का?

लहान असेपर्यंत चालते. घटपर्णी म्हणजे नेपेंथिस हा मुळात वेल आहे, काही मीटरपर्यंत जातो, टाकी त्याला किती दिवस पुरणार. शिवाय यांच्यात दोन गट आहेत. सखल भागातल्यांना दिवसरात्र उबदार हवा लागते, डोंगरावरच्यांना रात्री थंडी लागते, आणि डोंगरावरची जात गरम टाकीत ठेवली तर नवीन घट धरणंच बंद होतं. व्हेंट्राटा नावाचा संकर बराच सोशिक आहे, पण तो टाकीत कोंबण्यापेक्षा टांगत्या कुंडीत जास्त खूष असतो. टाकीतच हवी असेल तर अँप्युलारिया बघा, सखल भागातली आहे, दमट हवा आवडते, आणि ती किड्यांबरोबर वरून गळलेला पालापाचोळासुद्धा घटात जिरवते. घटातलं पाणी ओतून टाकू नका, ते झाडानेच तयार केलेलं पाचक पाणी असतं. येताना सांडलं असेल तर थोडं डिस्टिल्ड पाणी घाला, बस.

हेलिअँफोरा, सेफॅलोटस वगैरे दुसरी घटवाली झाडं फोटोत बघून मोह होतो, पण आत्ता नको.

टाकी कुठली घेऊ? झाकण ठेवायचं का?

माशांची साधी काचेची टाकी सगळ्यात बरी. ४५ ते ६० सेंमी लांब, ३० सेंमीच्या आसपास उंच. जुनी, गळकी असली तरी चालेल, कारण कुंड्या तुम्ही आत ट्रेमध्ये ठेवणार आहात, फक्त कडेला पांढरा क्षार बसलेला असेल तर तो व्हिनेगरने काढून भरपूर धुवा. निमुळत्या तोंडाच्या बरण्या, बल्बच्या आकाराची भांडी दिसायला छान, पण हात आत जात नाही, कुजलेलं पान काढता येत नाही, काचेवर सतत धुकं असतं.

झाकण पूर्ण बंद ठेवू नका. वरचा साधारण एक तृतीयांश भाग उघडा राहू द्या, किंवा झाकण तिरकं ठेवा. वर सांगितलेल्या झाडांना ५० ते ७० टक्के दमटपणा पुरतो आणि आत पाण्याचे ट्रे असले की तो आपोआप मिळतो. कॉम्प्युटरचा छोटा पंखा झाकणाजवळ लावून दिवसातून थोडा वेळ चालवला तर बुरशीचा अर्धा त्रास तिथेच संपतो.

खाली खडे, कोळसा, मग माती असे थर द्यायचे ना?

हे थर फोटोत मस्त दिसतात, कामाला फारसे येत नाहीत. समज असा की जास्तीचं पाणी खड्यांत उतरतं आणि वरची माती मोकळी राहते. पण बारीक मातीखाली जाड खडे असले की पाणी मातीतच धरून राहतं, वरचा थर पूर्ण भिजेपर्यंत ते खाली उतरत नाही, आणि भोक नसलेल्या टाकीत जे उतरतं ते तिथेच साचतं, सडतं. त्यापेक्षा ती ५-६ सेंमी उंची मुळांना द्या. शोभेसाठी खडे घालायचेच असतील तर आधी त्यांच्यावर व्हिनेगर टाकून बघा, फसफसलं तर तो चुनखडीचा दगड आहे, पाण्यात चुना सोडेल, तो आत नको. संगमरवराचे तुकडे, शंख-शिंपले यांचंही तेच.

झाडं सरळ टाकीत लावू की कुंड्या ठेवू?

कुंड्या. यावर मी कितीही वेळ बोलू शकते. पिंगला कमी पाणी, ड्रॉसेराला जास्त, एकाच मातीत दोघांना खूष कसं ठेवणार? एका झाडाला मावा लागला तर कुंडी उचलून बाजूला नेता येते, माती खराब झाली तर तेवढीच बदलता येते, आणि साचलेले क्षार धुवायचे असतील तर कुंडी बाहेर काढून वरून पाणी ओतून खाली जाऊ देता येतं, अख्खी टाकी कशी धुणार. प्लॅस्टिकच्या ८ ते १० सेंमीच्या कुंड्या घ्या, खाली भोकं असलेल्या. मातीची कुंडी नको, ती क्षार शोषते आणि सोडते. दिसायला कुंड्या आवडत नसतील तर मधल्या जागेत जिवंत शेवाळ किंवा स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारं, पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरा, कडा झाकल्या जातात आणि कोणाला कळतही नाही.

माती कुठली?

खरं तर मातीच नाही. पीट मॉस (दलदलीत साठलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि पर्लाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे), निम्मं निम्मं, झालं. पिंगसाठी पर्लाइट थोडं वाढवा. घटपर्णीसाठी लांब तंतूंचं स्फॅग्नम मॉस, पर्लाइट आणि ऑर्किडला वापरतात ती झाडाची साल. पर्लाइटऐवजी धुतलेली सिलिका वाळू चालते, समुद्राची किंवा बांधकामाची वाळू अजिबात नको.

पाकिटावर नीट वाचा, पीटमध्ये आधीच खत मिसळलेलं असेल तर ते परत ठेवा. बागेतली माती, कंपोस्ट, शेणखत, गांडूळखत, बाकीच्या झाडांना जे जे अमृत ते सगळं यांना विष आहे, मुळं जळतात.

कोरडा पीट पाणी पटकन घेत नाही, पाणी वरच तरंगतं. बादलीत घेऊन कोमट शुद्ध पाणी थोडं थोडं घालत कणीक मळतो तसं मळा, ओल्या स्पंजसारखा झाला की मग कुंडीत भरा. पर्लाइट आधी भिजवून घ्या आणि तोंडावर मास्क लावा, त्याची धूळ छातीत जायला नको. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, स्फॅग्नम मॉसमध्ये स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असू शकते आणि ती ओरखड्यातून त्वचेत शिरते. क्वचितच होतं, पण हातमोजे घालायला काय लागतंय.

पीटऐवजी कोकोपीट चालेल का?

मी वापरत नाही. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, आणि ते काढायला शुद्ध पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून पिळावं लागतं, दरवेळी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, मोजत. एवढं करून काही जणांची झाडं त्यात चांगली वाढलीत हे खरं, पण पहिल्याच वेळी हा धोका कशाला?

पाण्याचं एवढं काय आहे? नळाचं का नको?

नळाच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे क्षार विरघळलेले असतात. पाण्याची वाफ होऊन उडून जाते, क्षार जातात कुठे? तिथेच राहतात. तुम्ही परत पाणी घालता, परत थोडे क्षार येतात. साध्या कुंडीतून ते थोडेफार खाली वाहून जातात, ट्रेमध्ये उभ्या असलेल्या कुंडीतून जात नाहीत, म्हणून पहिले दोन महिने झाड छान दिसतं आणि मग अचानक पानांची टोकं करपायला लागतात आणि माणसाला वाटतं की मी तर काहीच बदललं नाही. बदललं नाही तरी रोज साचत होतं.

एक टीडीएस मीटर घ्या, पेनाएवढा असतो, या छंदातली सगळ्यात उपयोगाची वस्तू. आकडा ५० पीपीएमच्या खाली हवा. डिस्टिल्ड, डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं), पावसाचं आणि आरओचं पाणी यात बसतं, पण आरओचं मोजून बघा, कारण बऱ्याच घरगुती मशीनमध्ये चवीसाठी खनिजं परत मिसळतात किंवा थोडं न गाळलेलं पाणी सोडतात, आणि मग आकडा १०० च्या वर सहज जातो. पावसाचं पाणी स्वच्छ भांड्यात थेट धरा, पहिल्या पावसात छपरावरून येणारं पाणी सोडून द्या.

उकळून गार केलेलं पाणी? बाटलीबंद? एसीतून टपकणारं?

उकळून जंतू मरतात, पण सगळे क्षार जात नाहीत, उलट पाणी आटल्यामुळे सोडियमसारखे क्षार दाट होतात. बाटलीबंद मिनरल वॉटर, नावातच उत्तर आहे. यूव्ही फिल्टर क्षार काढत नाही. सॉफ्टनरचं पाणी तर सगळ्यात वाईट, तो कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम देतो. एसीचं पाणी मुळात शुद्ध असतं पण ते धूळ बसलेल्या धातूच्या जाळीवरून येतं, अडीनडीला वापरा, रोजचं नको. बॅटरीचं पाणी म्हणून जे मिळतं ते नुसतं डीमिनरलाइज्ड पाणीच आहे, त्यात आम्ल नाही, हे लेबलवर वाचल्याशिवाय घालू नका.

किती पाणी घालायचं?

ड्रॉसेरा आणि युट्रिक्युलारियाच्या ट्रेमध्ये कायम १ ते २ सेंमी. संपत आलं की परत भरा. पिंगच्या ट्रेमध्ये थोडं घाला, ते संपून एक-दोन दिवस जाऊ द्या, मग परत. मी पिंगची कुंडी उलट्या वाटीवर उंच ठेवते म्हणजे शेजारच्या पाण्यात तिचे पाय बुडत नाहीत. घटपर्णीला वरून पाणी, उभ्या पाण्यात नाही.

खिडकीत ऊन येतं तिथे टाकी ठेवली तर लाइटचा खर्च वाचेल ना?

टाकी वाचणार नाही! उन्हात काचा बंद करून उभी केलेली गाडी आतून किती तापते आठवा, टाकीचं तेच होतं. अर्ध्या तासाच्या थेट उन्हात आतली झाडं शिजू शकतात. टाकी उन्हापासून लांब आणि डोक्यावर एलईडी, हेच बरोबर.

कुठला एलईडी?

जांभळा ग्रो लाइटच लागतो असं काही नाही. पांढरा, ६५०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा रंग), ४५-६० सेंमीच्या टाकीला साधारण २० ते ३० वॉट. झाडांपासून १५ ते २५ सेंमीवर. टायमर लावून रोज १२ ते १४ तास, आणि रात्र ही रात्रच हवी, शोभेसाठी लाइट चालू ठेवू नका. आकड्यांपेक्षा झाडाकडे बघा: स्पॅट्युलाटा हिरवाच राहिला, पानं लांब होऊन वर उचलली, थेंब कमी झाले, तर लाइट खाली आणा. पानं एकदम गडद, आखूड, कडा करपलेल्या, तर थोडा वर न्या. बदल केल्यावर दोन आठवडे थांबा, रोज रोज हलवू नका.

किडे पकडून घालावे लागतात का?

नाही, पण महिन्यातून एक-दोनदा थोडं दिलं तर वाढ झपाट्याने होते. घरातल्या टाकीत किडे फारसे शिरत नाहीत. मी पाळीव माशांना घालतात ते सुके ब्लडवर्म (लाल अळ्या) पाण्यात भिजवून, टोकदार काडीने ड्रॉसेराच्या दोन-तीन पानांवर चिमूटभराहूनही कमी ठेवते. पिंगवर माशांच्या खाद्याची पूड, अगदी तिखटमिठाच्या भुरभुरीएवढी. घटपर्णीच्या एखाद्या घटात माशाच्या खाद्याचा एक दाणा. जास्त झालं की बुरशी येते, आणि ती पानासकट सगळं कुजवते. कीटकनाशक मारून मेलेला किडा कधीच नको.

चार्ल्स डार्विन यांनी १८६० पासून ड्रॉसेरावर प्रयोग केले आणि १८७५ मध्ये ते छापले. त्यात त्यांना दिसलं की नायट्रोजन असलेले पदार्थ ठेवले की पानाचे केस आत वळतात, साखर किंवा स्टार्च ठेवला तर वळत नाहीत. म्हणजे पानाला नुसतं काहीतरी टेकलंय एवढंच नाही, काय टेकलंय हेही कळतं. मला हे आजही थक्क करतं.

चिकनचा किंवा चीजचा तुकडा दिला तर?

नको. चरबी पचत नाही, पान सडतं, वास सुटतो.

नवीन झाड आलं, पण पानांवर थेंबच नाहीत. मेलंय का?

बहुतेक नाही. प्रवासात थेंब पुसले जातात आणि हवा बदलली की झाड काही दिवस ते तयार करत नाही. पॅकिंगमधून काढून लगेच तीव्र लाइटखाली ठेवू नका, पहिला आठवडाभर जरा लांब ठेवा, दमटपणा टिकवा, खायला काही देऊ नका. जुन्या पानांवर थेंब आले नाहीत तरी काळजी नको, मधून निघणाऱ्या नव्या पानांवर आले की झाड रुळलं. दोन-तीन आठवडे लागतात.

रोज स्प्रे मारू का?

ड्रॉसेरावर नको, थेंब धुतले जातात आणि ते थेंबच त्याचा सापळा आहेत. स्प्रेने दमटपणा जेमतेम काही मिनिटं वाढतो. ट्रेमधलं पाणी ते काम चोवीस तास करतं.

पानं काळी पडतायत, काय चुकतंय?

बाहेरची जुनी पानं काळी पडणं नॉर्मल आहे, मधून नवीन येतायत ना ते बघा. येत असतील तर काळी पानं कात्रीने कापा आणि पुढे चला. मधला कोंब काळा पडत असेल तर मात्र आधी पाण्याचा टीडीएस मोजा, मग ट्रेमधल्या पाण्याचाही मोजा, कित्येकदा घालायचं पाणी २० दाखवतं आणि ट्रेमधलं ३००. असं असेल तर कुंडी बाहेर काढून वरून भरपूर डिस्टिल्ड पाणी ओता, ट्रे धुवा. त्यानंतर तापमान बघा, लाइट चालू असताना आत ३५ च्या वर जात असेल तर झाकण अजून उघडा.

मातीवर पांढरी बुरशी, हिरवं शेवाळ आणि बारीक काळ्या माश्या दिसतायत.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हिरवं शेवाळ निरुपद्रवी, फक्त लहान रोपांना झाकायला लागलं तर काढा. कापसासारखी बुरशी नव्या मातीत येते आणि हवा खेळवली की बऱ्याचदा आपोआप जाते, पण करडी बुरशी पानावर चढली तर ते पान लगेच काढून टाका. काळ्या माश्या म्हणजे फंगस नॅट, त्यांच्या अळ्या ओल्या पीटमध्ये राहतात. मोठ्या झालेल्या माश्या तर ड्रॉसेरा आणि पिंगच खातात, फुकटचं खत. फार झाल्या तर बीटीआय नावाचा जिवाणू पाण्यात मिसळून घालतात, तो अळ्या मारतो, झाडाला काही करत नाही.

नवी पानं वाकडी-तिकडी येतायत.

भिंगातून मधला कोंब बघा, मावा असेल. ड्रॉसेराची अख्खी कुंडी शुद्ध पाण्यात पूर्ण बुडवून एक-दोन दिवस ठेवा, मावा गुदमरून मरतो, झाडाला एवढं सोसतं. थेंब जातील, परत येतील. पाच-सहा दिवसांनी परत एकदा बघा, कारण एखादा सुटलेला असतोच.

फुलाचा दांडा आलाय, कापू का ठेवू?

पिंग आणि युट्रिक्युलारियाचा ठेवा, बघण्यासारखी फुलं असतात. केपेन्सिस आणि स्पॅट्युलाटा स्वतःच स्वतःचं परागण करतात आणि धुळीएवढ्या बिया सगळ्या कुंड्यांत पसरवतात, नको असतील तर फुलं सुकायच्या आत दांडा कापा. फ्लायट्रॅप असेल आणि अशक्त असेल तर दांडा लहान असतानाच कापा, त्यात त्याची खूप ताकद जाते.

एका झाडाची चार कशी करायची?

ड्रॉसेराचं निरोगी पान बुडाशी धरून काढा, झाकणाच्या पारदर्शक डबीत डिस्टिल्ड पाण्यावर तरंगत ठेवा आणि डबी लाइटखाली. तीन ते सहा आठवड्यांत पानावरच बारीक रोपं दिसायला लागतात, मुळं आली की पीटवर ठेवा. पिंगचं पान हलक्या हाताने पूर्ण बुडासकट काढायचं, अर्धं तुटलं तर फुटत नाही, आणि ओल्या मॉसवर नुसतं ठेवायचं. अडेलीच्या मुळांतूनच पिल्लं निघतात, काही करावं लागत नाही.

ऑनलाइन निळ्या, इंद्रधनुषी फ्लायट्रॅपच्या बिया दिसल्या, घेऊ का?

निळं फ्लायट्रॅप नसतंच. फोटोचे रंग बदललेले असतात आणि पाकिटातून भलतंच काही उगवतं. खरं बी असलं तरी फ्लायट्रॅप बियांपासून मोठं व्हायला काही वर्षं लागतात. रोपच घ्या, आणि विकणाऱ्याला विचारा की ते टिश्यू कल्चरचं (प्रयोगशाळेत वाढवलेलं) आहे, कटिंगचं आहे की जंगलातून काढलेलं.

जंगलात दिसलं तर एखादं आणलं तर काय बिघडतं?

बिघडतं. ही झाडं थोड्याशा जागेत, विशिष्ट पाण्यावर जगतात, आणि एकेक करत उचलली की ती जागा रिकामी होते. नॉर्थ कॅरोलायनात फ्लायट्रॅपची इतकी चोरी व्हायची की डिसेंबर २०१४ पासून तो गंभीर गुन्हा ठरवावा लागला. नेपेंथिसच्या खासियाना आणि राजा या दोन जाती तर सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात सगळ्यात कडक यादीत आहेत. आणि उपटून आणलेलं झाड तुमच्या टाकीत जगण्याची शक्यताही कमी असते. फोटो काढा, चिखल न तुडवता परत या.

टाकी ठेवली की घरातले डास कमी होतील का?

नाही. दहा-बारा बारकी झाडं कितीसे डास पकडणार.

घरात लहान मूल, मांजर आहे. धोका?

या झाडांना कोणाचं बोट चावता येत नाही आणि वर सांगितलेली झाडं विषारी म्हणून ओळखली जात नाहीत. धोका काचेचा आणि लाइटच्या वायरीचा. मांजर मात्र गवतासारखी पानं चघळू शकतं, झाकण तिरकं ठेवताना त्याचा विचार करा.

दोन आठवडे बाहेरगावी जातेय, काय करून जाऊ?

ट्रेमध्ये ३ सेंमी पाणी भरा, पिंगला १ सेंमी पुरे. झाकण नेहमीपेक्षा थोडं जास्त ओढा, पूर्ण नाही. लाइट टायमरवर आहे ना तपासा. जायच्या आधी आठवडाभर खायला काही घालू नका, म्हणजे मागे बुरशी वाढणार नाही, आणि मेलेली पानं काढून जा. शेजाऱ्यांना पाणी घालायला सांगणार असाल तर डिस्टिल्ड पाण्याची बाटली टाकीशेजारीच ठेवा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा, फक्त हेच पाणी.